फोटोची दुमडलेली कड

जुन्या शाळेचे ग्रुप फोटो पाहिले की लोक म्हणतात, काय शिस्त होती तेव्हा. पोरं कशी हाताची घडी घालून उभी आहेत, नजर समोर, शर्ट खोचलेले. आता असे फोटो मोबाइलवर फिरतात. माझा नातू मला दाखवतो. मी त्याला सांगते, शिस्त नव्हती बाबा, बटणं नव्हती. छातीवरचं बटण तुटलेलं असलं की पोराला हाताची घडी घालायला सांगायचं, म्हणजे उघडी छाती झाकली जाते. एकट्यानंच घडी घातली तर ओळीत वेगळा दिसतो, म्हणून सगळ्या ओळीला घालायला लावायची. ही युक्ती माझी होती.

मी मिशनच्या शाळेच्या बोर्डिंगात एकवीस वर्षं कपडे धुतले, इस्त्री केली आणि ठिगळं लावली. माझं शिक्षण चौथीपर्यंत. शाळेचं नाव इथं लिहीत नाही. शाळा अजून आहे, इमारत नवी झाली आहे, आणि माझं कोणाशी भांडण नाही. आम्ही बौद्ध, फादर ख्रिस्ती, पोरं सगळ्या जातींची. कपडे मात्र सगळ्यांचे एकाच हौदात पडायचे. कोणाचा शर्ट कोणाच्या अंगात गेला हे शोधत बसायला वेळ नसायचा.

फोटो वर्षातून एकदाच, परीक्षेच्या आधी. फोटोवाला तुमसरहून यायचा. त्या दिवसाची मला धास्ती असायची. ज्या पोरांना रोज कोणी पाहत नसे, त्यांना त्या दिवशी एकदम दिसायचं असायचं. मागच्या ओळीतल्या पोरांची काळजी कमी. त्यांचं कमरेखालचं काहीच दिसत नाही. पाठ फाटलेले शर्ट मी मागच्या ओळीला देत असे, पाठीवर दोन पिना लावून. कॉलर झिजलेली असली तर ती उसवून उलटी शिवत असे. पुढच्या ओळीतल्या पोरांचं काम जास्त. ती दरीवर, म्हणजे सतरंजीवर, मांडी घालून बसायची, आणि तेव्हाच्या हाफ चड्ड्यांचे पाय इतके रुंद असत की मांडी घातली की आतलं सगळं जग पाहत असे. आत दुसरं काही घालायची पद्धत बहुतेकांच्या घरी नव्हती. म्हणून मी प्रत्येकाच्या चड्डीच्या पायाला आतून चुणी घेऊन दोन टाके मारायची आणि फोटो झाल्यावर कापायची. एकदा एक पोरगा टाके न कापता पळाला आणि झाडावर चढताना चड्डी अशी फाटली की ती मला फेकून द्यावी लागली.

पुढच्या ओळीला बूट लागायचे. बूट विदेशातून यायचे, तिकडच्या चर्चची माणसं वापरलेले बूट पोत्यात भरून पाठवायची. फोटोची एक प्रत त्यांना जायची. फादर म्हणत, बूट दिसले पाहिजेत, नाहीतर पुढच्या वर्षी येणार नाहीत. धड जोड दहाच्या वर कधीच नसत. त्यामुळे पुढच्या ओळीत कोण बसेल हे उंचीवरून ठरत नसे. ज्याच्या पायात बूट जाईल तो पुढे. आता ते फोटो पाहून कोणी म्हणतो, पुढे बसलेली पोरं हुशार असतील. हुशारीचा संबंध नाही, पायाच्या मापाचा आहे.

हे सगळं मी कधी लिहिलं नसतं. यंदा धान घरात आल्यावर एक बाई माझ्याकडे आली, म्हणून लिहिते आहे.

पन्नाशी ओलांडलेली बाई. सिहोऱ्याला दिलेली, माहेर बपेऱ्याचं. दारातूनच म्हणाली, "बोर्डिंगात कपडे धुवत होत्या त्या मावशी तुमीच का?"

"धुवत होती. आता सून धुते, ते बी मशीनमंदी."

"मशीन आपोआप नाही चालत, आई," सून आतून म्हणाली.

बाई बसली. पाणी प्यायली. मग मोबाइल काढून तिनं मला एक फोटो दाखवला. भिंतीवरच्या फ्रेमवरून काढलेला होता, काचेत खिडकी चमकत होती. आमच्याच बोर्डिंगचा फोटो. मी पाहिल्याबरोबर ओळखला, कारण त्या वर्षी मी दरीला नवीन काठ लावला होता.

"याच्यात माहा भाऊ हाय," ती म्हणाली. "पाचवीत होता. होळीच्या सुट्टीत घरी आला अन् तिकडंच गेला. मी तवा तीन वर्षाची. मले त्याचं काई आठवत नाही. दुसरा फोटो नाही त्याचा, हा एकच."

फोटोखाली नावांच्या ओळी छापलेल्या होत्या, डावीकडून उजवीकडे. बसलेल्यांत तिसरं नाव तिच्या भावाचं. काचेवर त्याच तिसऱ्या पोराच्या कपाळाच्या जागी कुंकवाचा टिळा होता, इतका जाड की खपली वाटावी.

तिची आई पंचाऐंशीच्या वर गेलेली. दिवाळीपासून खाटेवरच आहे, डोळ्यांनी कमी दिसतं. म्हणून या बाईनं तुमसरच्या फोटो स्टुडिओत जाऊन तो तिसरा पोरगा वेगळा काढून मोठा करून घेतला आणि आईच्या हातात दिला. तिला वाटलं, आई खूश होईल.

"आईनं डोळ्यापाशी नेला," बाई म्हणाली. "खूप वेळ पाह्यला. मंग म्हन्ते, हा आपला नाही. पन्नास वर्ष टिळा लावला त्याले, तवा लहान दिसत होता त काई बोलली नाही. मोठा केला त म्हन्ते, आपला नाही. तवापासून जेवत बी नाही बरोबर. मावशी, ती जायच्या आंदी मले तिले त्याचं खरं तोंड दाखवाचं हाय. बस एवढंच. तुमी त्याईले रोज पाहत होत्या."

मी चष्मा लावला. मला दुसऱ्यांदा पाहायची गरज नव्हती.

"हा तुहा भाऊ नाही," मी म्हटलं. "हा कापडवाल्याचा पोरगा. जित्ता हाय तो. मागच्या वर्षी बजारात भेटला होता, साखर हाय त्याले, पण मजेत हाय. जित्त्या मान्साले टिळे लावून राहिले तुमी."

सुनेनं आतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मी असं बोलायला नको होतं, पण बोलून झालं होतं.

"मंग खाली नाव काहून माह्या भावाचं हाय?"

ते सांगण्यासारखं होतं, म्हणून मी सांगितलं. फोटोच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ड्रिल मास्तर पोरांना ओळीत बसवून पाहत आणि कोण कुठे ते कागदावर लिहून घेत. तोच कागद फोटोवाल्याकडे जायचा, आणि त्यावरून नावं छापली जायची. त्या संध्याकाळी तिचा भाऊ पुढच्या ओळीत तिसरा होता, कारण बूट त्याच्या पायात गेला होता. कापडवाल्याचा पोरगा मास्तरांच्या खुर्च्यांच्या मागच्या ओळीत अगदी डाव्या टोकाला होता. सकाळी बूट तिच्या भावाच्या पायात जाईना. कापडवाल्याच्या पोराचे स्वतःचे बूट होते. मी दोघांची अदलाबदल केली. मास्तरांना सांगितलंही. "गुरुजी, दोन पोट्टे बदलले, लिहून घ्या." ते म्हणाले, "घेतो, घेतो." घेतलं नाही. मीही मागून विचारलं नाही.

"संध्याकाळी गेला अन् सकाळी बूट काहून नाही गेला पायात?" तिनं विचारलं.

"पोरांचे पाय," मी म्हटलं. "सुजले असन."

बूट का गेला नाही ते मला पक्कं माहीत होतं. मागच्या ओळीच्या मागे उभं राहायला वर्गातले बाक बाहेर आणायचे होते, ते काम पोरांचंच. मास्तरांनी नावं लिहून घेतल्यावर बाक उचलता उचलता त्या पोराच्या पायात खिळा गेला. गंजलेला खिळा, टाचेच्या पुढे, खोल. तो माझ्याकडे आला तो लंगडत आणि हसत. हे पोरगं नदीवर मासे धरणाऱ्या घरचं, पायात काही गेलं तर रडायची त्याला सवय नव्हती. मी पाय धुतला, हळद आणि तेल भरलं, माझ्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून घट्ट बांधला. सकाळी पाय टमाट्यासारखा झाला होता. दवाखान्यात न्यायला पाहिजे हे माझ्या डोक्यात आलं होतं. फोटो झाल्यावर फादरला सांगू असं मी ठरवलं. फोटो झाल्यावर चाळीस-पन्नास शर्ट धुवायचे होते, कारण डोक्याचं तेल कॉलरला एकदा मुरलं की निघत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं होळीच्या सुट्टीला घरी गेली. तोही गेला, लंगडतच. सुट्टी संपली तेव्हा एक पोरगा सांगत आला, त्याची दातखीळ बसली आणि तो मेला.

हे मी त्या बाईला त्या दिवशी सांगितलं नाही. पन्नास वर्षांत कोणालाच सांगितलं नव्हतं.

मी मोबाइलवर डावं टोक पाहिलं. तिथे तो असायला पाहिजे होता. नव्हता. ओळ एका दुसऱ्याच पोरापासून सुरू होत होती, आणि त्याच्या बाजूला, फ्रेमच्या अगदी काठाला, कोणाचं तरी अर्धं कोपर दिसत होतं.

"कोपर हाय, मानूस कुठं हाय?" मी म्हटलं. "फोटो मोठा होता. तुमच्या फ्रेममंदी पुरा बसला नसन. फ्रेम कोनं केली?"

"बाबानं आनली होती बजारातून. तयारच होती."

"मंग बाबानं कापला, नाहीतर दुमडला. कापला असन त गेला."

तिनं पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं म्हणाली, "मी उद्या जातो अन् खोलून पाह्यतो. तुमाले फोन करतो."

"फोन नको करू," मी म्हटलं. "मी येतो. तोंड ओळखनारं दुसरं कोनी नाही आता."

हे खरंच होतं. पण त्यासाठीच जात होते असं नाही.

दुसऱ्या दिवशी ती ऑटो घेऊन आली. मी निघाले तर सून म्हणाली, "गुडघे दुखते म्हनून काल विहारात नाही आल्या, अन् आज बपेऱ्याले चालल्या."

"विहारातल्या पायऱ्या उंच हाय," मी म्हटलं.

"अन् ऑटोची पायरी?"

ऑटोत बसता बसता मला खरोखरच गुडघ्याचा त्रास झाला आणि ती दारातून पाहत होती.

बपेऱ्यापर्यंत रस्ता खराब. दोन्ही बाजूला धानाच्या रिकाम्या बांध्या, नुसती खुंटं. बाई वाटेत बोलत राहिली, आई कशी होती, बाबा कसे गेले, मागचे दोन्ही भाऊ आता मासे सोडून बांधकामावर नागपूरला जातात. मी हूं हूं करत होते. मला बाकाचा तो खिळा दिसत होता. त्याचं टोक मी नंतर स्वतः दगडानं वाकवलं होतं. तेवढं मी केलं होतं.

घर लहान, अंगणात ऊन. खाट उन्हात ओढून ठेवलेली आणि तिच्यावर म्हातारी, एवढीशी, पाठीला गोधडीचा टेका. कुडाला एक जुनं जाळं टांगलेलं, कोणी वापरत नसावं, त्यात वाळलेली पानं अडकली होती.

"कोन आली?" म्हातारीनं विचारलं.

"बोर्डिंगातली मावशी हाय, आई. कपडे धुवत होती ते. भाऊले ओळखते."

"बस, बाई," म्हातारी मला म्हणाली. "माह्या पोराचे कपडे साजरे धुतले होते तू. घरी आला तवा बास येत होता साबनाचा."

मी खाटेच्या पायथ्याशी बसले.

लेकीनं भिंतीवरची फ्रेम काढली. प्लास्टिकचा हार तिच्यावर होता, तो बाजूला ठेवला. मागच्या बाजूचे खिळे गंजून लाकडात रुतले होते. तिनं मासे कापायचा चाकू आणला आणि एकेक खिळा उचकटायला लागली. मी म्हटलं, "हळू, काच फुटन." ती म्हणाली, "फुटू द्या." शेवटचा खिळा निघाला तेव्हा मागचा पुठ्ठा खाली पडला, त्याच्या खाली जुनं वर्तमानपत्र, त्यात कोळ्याची पांढरी घरटी. वर्तमानपत्र काढलं.

फोटो कापलेला नव्हता. डावीकडची चार बोटं रुंद कड मागे दुमडली होती.

लेकीचे हात थांबले. "तुमी काढा," ती मला म्हणाली.

पन्नास वर्षं दुमडलेला कागद एकदम उघडला तर घडीवर तुटतो. मी फोटो मांडीवर घेतला, घडीला तोंडाची वाफ दिली, जशी इस्त्रीच्या आधी सुरकुतीला देतात, आणि अंगठ्यानं हळूहळू सरकवत उघडला. बाकीचा फोटो पिवळा पडला होता. ही कड तशीच होती, कालच धुऊन आणल्यासारखी काळी-पांढरी, कारण तिला ऊन कधी लागलंच नव्हतं. घडी त्याच्या खांद्यावरून गेली होती. तोंड वाचलं होतं.

तो टोकाला उभा होता. त्याच्या पुढे खुर्ची नव्हती, म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसत होता. केसांना तेल, कपाळावर मी फासलेली पावडर सारखी न झालेली. हाताची घडी, कारण त्याच्या शर्टाचं दुसरं बटण नव्हतं. खाली अनवाणी पाय. एका पायावर पांढरी चिंधी, तिला गडद काठ. मी त्याला सांगितलं होतं, बांधलेला पाय मागे घे, दिसायला बरं नाही. त्यानं मागे घेतला नव्हता, पुढे केला होता. पोरांना पट्टी बांधलेली असली की ती दाखवावीशी वाटते.

"हा का?" लेकीनं विचारलं.

"हा."

ती वाकून पाहत राहिली. "माह्या लहान पोराचे कान असेच हाय," ती म्हणाली. मग मोबाइल घेऊन त्याच्या तोंडाचा फोटो काढायला लागली.

"इकडं आना," म्हातारी म्हणाली. "ते मोबाइल नको. खरा आना."

मी फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांपाशी इतका जवळ नेला की नाक टेकलं. वरून खाली सरकवत पाहिला. तोंडावर ती थांबली नाही. तोंड तिला दिसलं की नाही, मला माहीत नाही. ती खाली पायाशी थांबली.

"हे पांढरं काय हाय पायाले?"

लेक माझ्याकडे पाहायला लागली. आता न सांगता येण्यासारखं नव्हतं. तसं मी सांगायलाच आले होते.

"चिंधी हाय," मी म्हटलं. "मी बांधली होती. बाकाचा खिळा गेला होता पायात, आदल्या दिवशी. गंजलेला होता. मी हळद-तेल भरलं. सकाळी सुजला. म्हनून त्याले बूट नाही झाला, म्हनून टोकाले उभा केला. दवाखान्यात न्याव म्हटलं होतं मनात. फादरले सांगाव म्हटलं होतं. नाही सांगितलं. फोटोच्या गडबडीत राहिलं. मंग तो तुमच्याकडं आला."

लेक उभीच होती. "काल तुमी बोल्ल्या, सुजले असन."

"बोलली."

अंगणात एक कोंबडी खाटेखाली शिरली आणि बाहेर आली.

"काठ कोन्या रंगाचा होता?" म्हातारीनं विचारलं.

"हिरवा. फोटोत काळा दिसते."

"हिरवाच," ती म्हणाली. "मी सोडली ते चिंधी. घट्ट बांधली होती तू, गाठ सुटत नोहती, दातानं सोडली. पाय पाह्यला त वरून सुकला होता. मले वाटलं, झालं बरं. चिंधी धुतली, कुंपनावर वाळू घातली. कपडा चांगला होता." ती थांबली, श्वास घेतला. "बोडीतलं पानी आटत आलं होतं. चिखलात मासे लागत होते. मी त्याले घेऊन गेली दोन दिवस. दिवसभर चिखलात होता, माह्यासंगं. मंग दातखीळ बसली."

लेक म्हणाली, "आई, तू त बोल्ली होती का त्याले नदीवर काई लागलं. बाहेरचं. सगळे तसंच म्हन्ते."

"लोक बोल्ले. मी हो म्हटलं."

मी समोर कुडाच्या जाळ्याकडे पाहत होते. मला वाटत होतं की आता ती मला उठून जायला सांगेल, आणि तसं सांगितलं असतं तर मी गेले असते. मला ते सोपं गेलं असतं.

"तू हे आता सांगून राहिली," म्हातारी म्हणाली.

"आता विचारलं."

"विचारलं नसतं त?"

"त नसतं सांगितलं."

म्हातारीनं मान हलवली. "मी बी कोनाले नाही सांगितलं. याच्या बापाले बी नाही." मग लेकीला म्हणाली, "च्या ठेव. बाई दूरून आली."

लेक आत गेली. चुलीपाशी तिचं रडणं ऐकू येत होतं, मोठ्यानं नाही. आम्ही दोघी बाहेर बसलो. म्हातारी फोटोवर बोट फिरवत होती. मी तिचं बोट धरून त्याच्या तोंडावर नेलं. तिनं तिथे बोट ठेवलं.

"हसून राहिला का?"

"नाही. फोटोवाला हसू देत नोहता. हल्लं की बिघडते म्हने."

"मंग कसा दिसते?"

मी नीट पाहिलं. मला तिच्याशी खोटं बोलायचं नव्हतं. "उन्हाकडं तोंड हाय. डोळे बारीक केले हाय. बाकीच्यांसारखाच दिसते. पाय तेवढा पुढं केला हाय."

"पुढं केला," ती म्हणाली. "होता तसाच."

चहा आला. लेकीचे डोळे लाल होते. तिनं कप माझ्यासमोर ठेवला, थोडा जोरात, बशीत सांडला. तो राग माझ्यावर होता आणि मी तो बशीसकट पिऊन टाकला. तिला त्याचा हक्क होता. आईला काही बोलता येत नसेल तर माणूस कोणावर तरी राग काढणारच.

मग तिनं काच पुसायला घेतली. कुंकवाचा टिळा निघेना. ओल्या फडक्यानं घासला, मग नखानं. म्हातारीला आवाज ऐकू आला.

"काय घासून राहिली?"

"टिळा, आई. त्या दुसऱ्या पोराचा."

"तो जित्ता हाय म्हन्ते ना?"

"हाय," मी म्हटलं.

"मंग घास. साजरा घास. जित्त्याले कायले." थोडं थांबून ती म्हणाली, "त्याले पन्नास वर्ष आपल्या घरचा टिळा लागला. साखरच झाली, दुसरं काई नाही झालं."

लेकीला हसू आलं आणि ते तिला नको होतं, असं तिचं तोंड झालं. टिळा चाकूनं खरवडल्यावर निघाला. काचेवर तिथे एक गोल डाग राहिला, तो गेला नाही.

आता फोटो परत बसवायचा होता. फ्रेम तीच, लहान. लेक म्हणाली, उद्या तुमसरहून मोठी फ्रेम आणते, आणि स्टुडिओतून याचं तोंड मोठं करून आणते.

"उद्याचं उद्या," म्हातारी म्हणाली. "आज भिंतीवर पाह्यजे. खाली नको ठेवू, उंदीर खाते."

"आई, पुरा बसत नाही ना याच्यात."

"दुसऱ्या कडेनं दुमडा मंग. त्या टोकाले कोन हाय?"

मी उजवं टोक पाहिलं. ओळीच्या शेवटी ड्रिल मास्तर उभे होते. पांढरी पँट, छाती काढलेली, हातात घडी केलेला कागद, तो खिशात ठेवायचं भान राहिलं नव्हतं.

"ड्रिल मास्तर हाय," मी म्हटलं. "हातात कागद घेऊन."

"कायचा कागद?"

"नावांचा. कोन कुठं बसला त्याचा."

"तोच का, बरोबर न लिहिनारा?"

"तोच."

"त्याले दुमड," म्हातारी म्हणाली.

मी चष्मा पुसला. फोटो उलटा करून मांडीवर घेतला, चार बोटं मोजली, आणि अंगठ्याच्या नखानं वरून खालपर्यंत रेघ ओढली, एकवीस वर्षं चड्ड्यांच्या पायांना ओढली तशीच, सरळ. लेकीनं काच लावली. मी पुठ्ठा धरला आणि तिनं चाकूच्या मुठीनं खिळे परत ठोकले.